साखर तोडून गाठ उपाशी मरत नाही : आरोग्यविषयक मजकूर लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
आरोग्यविषयक लेख, पुरवण्या, व्हिडिओ आणि आहारतक्ते तयार करणारे सर्वजण

विषय : ‘कॅन्सरची पेशी साखरेवर जगते, म्हणून साखर बंद करा’ हा सल्ला

स. न. वि. वि.

कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भरमसाट ओढतात, असे तुम्ही लिहिता. ते खरे आहे. त्याच दमात पुढचे वाक्य येते, की ताटातली साखर बंद केली की गाठ वाळून जाईल. ते खोटे आहे आणि रुग्णाच्या मुळावर येणारे आहे. ते छापणे आणि बोलणे थांबवावे, एवढ्यासाठी हे पत्र. आम्ही पेशींच्या चयापचयावर आणि कर्करुग्णांच्या पोषणावर काम करणारे लोक आहोत. नुसते ‘चूक आहे’ म्हणून भागणार नाही, कारण या सल्ल्याला अर्धे खरे विज्ञान चिकटलेले आहे. म्हणून आधी ते विज्ञानच नीट मांडतो.

१९२० च्या दशकात ओटो वॉरबर्ग यांनी गाठींच्या पातळ चकत्या तपासल्या. ऑक्सिजन मुबलक असतानाही त्या चकत्या ग्लुकोज पूर्ण न जाळता त्याचे लॅक्टेट करून बाहेर टाकत होत्या. १९२५ मध्ये कार्ल आणि गर्टी कोरी यांनी हीच गोष्ट जिवंत प्राण्यात दाखवली. कोंबडीच्या एका पंखात सार्कोमा ही कॅन्सरची गाठ, दुसरा पंख निरोगी. दोन्हीकडून परतणारे रक्त तपासले तेव्हा गाठीच्या बाजूला दर १०० मिलिलिटरमागे ग्लुकोज २३ मिलिग्रॅमने कमी आणि लॅक्टेट १६ मिलिग्रॅमने जास्त निघाले. निरीक्षण पक्के होते आणि आजही पक्के आहे. वॉरबर्ग यांनी काढलेले कारण मात्र टिकले नाही. पेशीचे श्वसनयंत्र बिघडते म्हणून ती लॅक्टेटकडे वळते आणि त्यातूनच कॅन्सर होतो, असे त्यांनी १९५६ मध्येही ठासून लिहिले. बहुतेक गाठींत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतले श्वसनाचे कारखाने, धडधाकट असतात आणि कामही करतात. (जाता जाता : वॉरबर्ग यांना १९३१ चे नोबेल कॅन्सरवरच्या कामासाठी मिळाले, असे सर्रास छापून येते. ते श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी होते.)

मग श्वसन शाबूत असताना पेशी असा तोट्याचा धंदा का करते? एका ग्लुकोजचे दोन पायरुवेट होईपर्यंत (या टप्प्याला ग्लायकोलायसिस म्हणतात) निव्वळ २ एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, हाती लागतात. तेच ग्लुकोज मायटोकॉन्ड्रियात पूर्ण जाळले तर ३० ते ३२. ऊर्जेचाच हिशेब मांडला तर हे गणित सुटत नाही. ते सुटते बांधकामाचा हिशेब मांडल्यावर. लाकूड चुलीत घातले तर ऊब मिळते, पण त्याच लाकडाचे दार होत नाही. विभाजन होणाऱ्या पेशीला आपल्यासारखी दुसरी अख्खी पेशी उभी करायची असते. त्यासाठी कार्बन हवा, नायट्रोजन हवा आणि एनएडीपीएच नावाचा इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू हवा.

एकच उदाहरण जवळून पाहा. पेशीचे आवरण करायला पामिटेट हे १६ कार्बनचे मेदाम्ल लागते. एक पामिटेट घडवायला ८ असिटिल-कोए (दोन-दोन कार्बनचे तुकडे, एका ग्लुकोजमागे दोन मिळतात), ७ एटीपी आणि १४ एनएडीपीएच खर्ची पडतात. एक ग्लुकोज पूर्ण जाळले तर लागणाऱ्या एटीपीच्या चौपट मिळतात, म्हणजे ऊर्जेची चणचण नाहीच. कार्बनसाठी मात्र ४ ग्लुकोज हवीत. आणि एनएडीपीएच पेंटोज फॉस्फेट मार्गाने मिळवायचे म्हटले तर एका ग्लुकोजमागे एका फेरीत २ मिळतात, म्हणजे आणखी ७ ग्लुकोज. (एनएडीपीएच इतर वाटांनीही मिळते, पण अंदाज यायला एवढे पुरे.) या पेशीची अडचण एटीपी नाही, माल आहे. ग्लायकोलायसिस वेगात चालू ठेवले की मधल्या टप्प्यांवरून फाटे फोडता येतात : एका फाट्यावर डीएनएसाठी रायबोज, दुसऱ्यावर सेरीन आणि ग्लायसिन, तिसऱ्यावर मेदासाठी ग्लिसरॉल. शेवटी पायरुवेटचे लॅक्टेट केल्याने एनएडी+ हा ग्लायकोलायसिसला लागणारा मदतनीस रेणू परत मिळतो. तो मिळाला नाही तर ग्लायकोलायसिस वरच्या टप्प्यातच तुंबते. लॅक्टेट बाहेर फेकणे ही म्हणूनच उधळपट्टी कमी आणि यंत्र चालू ठेवण्याची किंमत जास्त.

मायटोकॉन्ड्रियाही या बांधकामात हवेतच. डीएनएचे घटक करायला अस्पार्टेट हे अमिनो आम्ल लागते आणि श्वसन थांबले की अस्पार्टेटचा तुटवडा पडतो. २०१५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी हे दाखवले. तेव्हा ‘कॅन्सरची पेशी श्वास घेत नाही, फक्त साखर आंबवते’ हे तुमच्या चित्रफितींमधले आवडते वाक्यही काढून टाकावे लागेल.

ही भूक ठरवते कोण, हा यातला कळीचा मुद्दा आहे. निरोगी पेशी रक्तात ग्लुकोज आहे म्हणून ते वाटेल तेवढे आत घेत नाही. वाढीचा संदेश आला तरच ती दारे उघडते. ही दारे म्हणजे ग्लुट-१ नावाचे वाहक प्रथिन. पीआय३के–एकेटी या संदेशमार्गावरून हुकूम सुटला की ग्लुट-१ पेशीच्या पृष्ठभागावर येते आणि हेक्सोकायनेज हे एन्झाइम आत आलेल्या ग्लुकोजला फॉस्फेट चिकटवून त्याचा परतीचा रस्ता बंद करते. कॅन्सरमध्ये हा हुकूम कायमचा सुटलेला असतो. कुठे पीआय३केच्या जनुकातच बदल, कुठे वाढीचा संदेश पुढे नेणाऱ्या केआरएएसमध्ये, कुठे वाढीची जनुके चालू करणारे एमवायसी अतिरेकी प्रमाणात. मूत्रपिंडाच्या क्लिअर सेल कॅन्सरमध्ये व्हीएचएल हे प्रथिन नाहीसे होते. ते एरवी ऑक्सिजन असताना एचआयएफला, म्हणजे ऑक्सिजन कमी पडल्यावर पेशीचे वागणे बदलणाऱ्या प्रथिनाला, कचऱ्यात पाठवते. ते गेले की पेशी ऑक्सिजनमध्ये असूनही गुदमरल्यासारखी वागते : ग्लुकोजची दारे वाढतात, लॅक्टेट करणारे एन्झाइम वाढते आणि मायटोकॉन्ड्रियात पायरुवेट जाळण्याच्या पहिल्याच पायरीवर अडसर बसतो. ऑक्सिजन ओळखण्याची ही यंत्रणा उलगडल्याबद्दल सेमेंझा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चे नोबेल मिळाले. यातले काहीही जेवणाने चालू-बंद होत नाही.

आता ताटाकडे येऊ. प्रौढ माणसाच्या सुमारे पाच लिटर रक्तात एका वेळी ग्लुकोज असते साडेचार-पाच ग्रॅम. मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागते. म्हणजे हा साठा नव्हे. वाहता प्रवाह आहे आणि यकृत तो अहोरात्र सांभाळते. तुम्ही साखर, फळे, धान्य सगळे बंद केले तर यकृत आधी आपले ग्लायकोजेन मोडते, जे सुमारे १०० ग्रॅम असते आणि दिवसभरात संपत येते. मग ते लॅक्टेट, ग्लिसरॉल आणि अमिनो आम्लांपासून ग्लुकोज तयार करू लागते. ही अमिनो आम्ले येतात स्नायूंमधून. गाठीला ग्लुकोज मिळतच राहते, फक्त ते आता रुग्णाच्या मांड्या आणि दंड वितळवून मिळते.

तरी रक्तशर्करा थोडी उतरेलच ना, असे कोणी म्हणेल. उतरते. पण ग्लुट-१ची ओढ अशी असते, की त्याचा वेग निम्म्यावर यायला ग्लुकोज लिटरमागे साधारण १ ते ३ मिलिमोलवर यावे लागते. मधला २ हा आकडा धरून हिशेब करा. रक्तात लिटरमागे ५ मिलिमोल, म्हणजे दर १०० मिलिलिटरमागे ९० मिलिग्रॅम, असताना वाहक आपल्या कमाल वेगाच्या ७१ टक्क्यांवर चालतो. ४ मिलिमोलवर, म्हणजे ७२ मिलिग्रॅमवर आणले तरी ६७ टक्क्यांवर. रक्तशर्करा २० टक्क्यांनी पाडा, आत जाणारे ग्लुकोज कमी होते सहा-सात टक्क्यांनी. त्याच्या खाली मेंदूची तक्रार सुरू होते. गाठीच्या आतल्या, रक्तवाहिनीपासून लांबच्या भागात ग्लुकोज आधीच रक्तापेक्षा बरेच कमी असते आणि तिथल्या पेशी ग्लुटामिन हे अमिनो आम्ल, मेदाम्ले, एवढेच काय, शेजारच्या पेशींनी टाकलेले लॅक्टेटही वापरून तग धरतात. फुप्फुसाच्या गाठींमध्ये माणसांतच हे मोजले गेले आहे.

कोरी दांपत्याच्याच नावाने ओळखले जाणारे चक्र इथे लक्षात घ्या. गाठ एका ग्लुकोजचे दोन लॅक्टेट करते आणि २ एटीपी कमावते. ते लॅक्टेट यकृताकडे जाते आणि तिथे पुन्हा ग्लुकोज करायला ६ एटीपी जळतात. दोन कमावणार गाठ, सहा भरणार रुग्ण. भूक मंदावणे, शरीरभर पसरलेला दाह यांच्या जोडीला हा खर्चही असतो. त्यातच तुमचा ‘कडक पथ्याचा’ तक्ता आला की आधीच झिजत चाललेला माणूस आणखी झिजतो.

ही झीज केवळ दिसण्यापुरती नसते. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन आपोआप घटले तर वैद्यकात तिला कॅकेक्सिया म्हणतात. ६० किलोच्या माणसाचे वजन ५७च्या खाली गेले की ही खूण ओलांडली. आधीच कृश असलेल्या माणसाला २ टक्केही पुरे. त्यानंतर केमोचे डोस झेपत नाहीत, ते कमी करावे लागतात किंवा पुढे ढकलावे लागतात. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर करावे. पोटात किंवा पायांत पाणी साचलेले असेल तर काटा फसवतो. वजन तेवढेच दिसते आणि स्नायू मात्र गेलेले असतात. अशा वेळी दंडाचा घेर आणि मुठीची ताकद जास्त खरे सांगतात. कर्करुग्णांसाठीच्या युरोपीय पोषण मार्गदर्शनाप्रमाणे दिवसाला किलोमागे २५ ते ३० किलोकॅलरी आणि १ ग्रॅमहून जास्त, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने धरावीत. ६० किलोला १५०० ते १८०० किलोकॅलरी आणि ६० ते ९० ग्रॅम प्रथिने. कुपोषणाचा धोका असलेल्या रुग्णाला उष्मांक तोडणारे कोणतेही पथ्य देऊ नये, असे त्याच मार्गदर्शनात स्पष्ट आहे. तोंड सोलवटलेल्या रुग्णाच्या घशाखाली फक्त गोड, पातळ पदार्थ उतरत असेल तर तो उतरू द्यावा. त्यात प्रथिने कशी मिसळता येतील ते पाहावे.

तुमच्या मजकुरासोबत हमखास एक चित्र असते : पेट स्कॅनमध्ये झळकणारी गाठ, खाली ओळ, ‘बघा, साखर कुठे जाते ते’. या तपासणीत किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेले ग्लुकोजसारखे एफडीजी टोचतात. हेक्सोकायनेज त्यालाही फॉस्फेट चिकटवते, पण पुढच्या एन्झाइमला ते चालत नाही, म्हणून ते पेशीत अडकून पडते. फ्लोरिन-१८ची किरणोत्सारिता ११० मिनिटांत निम्मी होते; एफडीजी पेशींत साचायला वेळ देऊन टोचल्यावर तासाभराने चित्र घेतात. चित्रात दिसते ते ग्लुकोज आत घेण्याचे आणि अडकवण्याचे प्रमाण. ते आहारातून आले की यकृतातून, हे त्यात कुठेच दिसत नाही. मेंदू तर दरवेळी लखलखतो. क्षयरोगाची गाठ किंवा साधा जंतुसंसर्गही झळकतो, कारण दाहातल्या पांढऱ्या पेशी ग्लुकोज ओढतात. उलट सौम्य प्रतीच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या गाठी, श्लेष्म बनवणाऱ्या काही गाठी आणि यकृताच्या सुप्रभेदित (मूळ निरोगी पेशींसारख्याच दिसणाऱ्या) गाठी अंधूक राहतात; यकृताच्या अशा पेशींत फॉस्फेट काढून टाकणारे एन्झाइम शिल्लक असते आणि एफडीजी पुन्हा बाहेर निसटते. म्हणजे ‘प्रत्येक कॅन्सर साखरखाऊ’ हेही खरे नाही.

तपासणीची तयारी मात्र जरूर लिहा, वाचकाला तिचा उपयोग होतो. निदान चार ते सहा तास काही खायचे नाही, साधे पाणी प्यायला हरकत नाही. आदल्या दिवशीपासून जड व्यायाम टाळायचा, नाहीतर स्नायू एफडीजी पळवतात. गार खोलीत कुडकुडत बसू नये. थंडीने मानेभोवतालची तपकिरी चरबी पेटते आणि लसिकाग्रंथींचा भास होतो. रक्तशर्करा दर १०० मिलिलिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर तपासणी बहुधा पुढे ढकलतात. ती घाईने खाली आणायला ऐनवेळी इन्सुलिन घेतले तर एफडीजी सगळे स्नायूंत जाते आणि चित्र वाया जाते. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने आतडी झळकतात. गोळ्या आणि इन्सुलिनचे वेळापत्रक तपासणी केंद्राला विचारूनच बदलावे, स्वतःच्या मनाने नाही.

या लॅक्टेटचा गाठीला आणखी एक फायदा होतो आणि त्याबद्दल तुम्ही सहसा काहीच लिहीत नाही. लॅक्टेट बाहेर टाकणारे वाहक सोबत आम्लही टाकतात. रक्ताचा पीएच ७.४ असतो, गाठीच्या पेशींबाहेर तो अनेकदा ६.५ ते ६.९ पर्यंत उतरतो. (त्यावरून ‘अल्कधर्मी पाणी प्या’ असा सल्ला काढू नये. रक्ताचा पीएच फुप्फुसे आणि मूत्रपिंडे घट्ट धरून ठेवतात.) या आम्लात आजूबाजूची ऊती विरघळवणारी एन्झाइमे जोमाने चालतात आणि गाठीला पसरायला वाट मिळते. गाठीत शिरलेल्या टी-पेशी, म्हणजे कॅन्सरशी लढणाऱ्या प्रतिकारपेशी, लुळ्या पडतात : त्यांनाही लढताना ग्लायकोलायसिस लागते, आणि बाहेर लॅक्टेट साचलेले असले की त्यांना आपले लॅक्टेट बाहेर टाकता येत नाही. बरीच वर्षे असे मानले जात होते, की कॅन्सरच्या पेशीच सगळे ग्लुकोज फस्त करून टी-पेशींना उपाशी ठेवतात. २०२१ मध्ये उंदरांच्या गाठींत पेशीगणिक मोजणी झाली तेव्हा सर्वांत जास्त ग्लुकोज मायलॉइड जातीच्या (टी-पेशींहून वेगळ्या) प्रतिकारपेशी घेताना आढळल्या. कॅन्सरच्या पेशी ग्लुटामिनमध्ये पुढे होत्या. उद्या एखादा पदार्थ ‘गाठीची साखर तोडतो’ असे लिहाल, तेव्हा तो टी-पेशींची तोडत नाही ना, हेही विचारा.

साखरेचा आणि कॅन्सरचा काहीच संबंध नाही, असे आम्ही म्हणत नाही. संबंध आहे, पण तो बहुतांशी लठ्ठपणा आणि इन्सुलिनच्या वाटेने जातो. निदान १३ प्रकारच्या कॅन्सरचा धोका अतिरिक्त चरबीने वाढतो, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये दिला. वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत, म्हणजे २००० किलोकॅलरींच्या आहारात ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला निरोगी माणसासाठी योग्यच आहे. तो आजार टाळण्याचा सल्ला आहे. झालेल्या गाठीवरचा इलाज म्हणून तो विकू नका. मधुमेह असलेल्या कर्करुग्णाने शर्करा आटोक्यात ठेवायची ती संसर्ग, जखमा आणि अशक्तपणा टाळायला. केमोसोबत सकाळी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड मिळत असेल तर शर्करा दुपारी-संध्याकाळी चढते आणि उपाशीपोटीची तपासणी नॉर्मल येऊन फसवते. मोजायची असेल तर दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजावी.

एका ठिकाणी आहार आणि औषध थेट एकमेकांना भिडतात. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये वापरले जाणारे अल्पेलिसिब हे औषध पीआय३के अडवते. पण यकृत आणि स्नायूंमध्ये हाच मार्ग इन्सुलिनचा असतो. त्यामुळे शर्करा चढते, स्वादुपिंड इन्सुलिनचा मारा करते आणि ते इन्सुलिन गाठीत अडवलेला मार्ग पुन्हा अंशतः उघडते. उंदरांमध्ये किटोजेनिक आहाराने (कर्बोदके जवळजवळ बंद, भर मेदावर) हा मारा रोखला आणि औषध जास्त चालले. २०१८ मधले हे काम तुमच्यापैकी अनेकांनी उचलले. त्याच कामात ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालेल्या उंदरांना औषधाशिवाय नुसता किटोजेनिक आहार दिला तेव्हा आजार उलट वेगाने वाढला. हा भाग कुणीच उचलला नाही. शिवाय मधुमेहाच्या एसजीएलटी-२ गटातल्या गोळ्या घेणाऱ्याने असा आहार परस्पर सुरू केला तर शर्करा फारशी न चढताही कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त धोकादायक आम्ल होण्याचा प्रकार, होऊ शकतो.

औषधांच्या बातम्यांबद्दलही थोडे. ग्लायकोलायसिस सरसकट अडवणारे २-डीऑक्सिग्लुकोज मेंदूलाही अडवते, म्हणून पुरेसा डोस देता येत नाही. पायरुवेटला मायटोकॉन्ड्रियातल्या ज्वलनाकडे वळवणाऱ्या डायक्लोरोअ‍ॅसिटेटने हातापायांच्या नसा बिघडतात; ते परस्पर मागवून घेणारे लोक आहेत, तेव्हा त्याची स्तुती छापताना हात आखडता घ्या. मेटफॉर्मिनची मोठी चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली : स्तनाचा कॅन्सर असलेल्या, मधुमेह नसलेल्या ३,६४९ जणांमध्ये आजार परतण्यात फरक पडला नाही. जे साधले ते नेमक्या जागी घाव घालून. आयडीएच-१ या एन्झाइमच्या जनुकातल्या बदलामुळे पेशी एक वेगळेच आम्ल बनवते. ते बदललेले एन्झाइम अडवणारे आयव्होसिडेनिब २०१८ पासून ल्युकेमियात वापरात आहे. रक्तातले अस्पॅराजिन हे अमिनो आम्ल मोडून ल्युकेमियाच्या पेशींना त्याची टंचाई करणारे अस्पॅराजिनेज त्याहून कितीतरी जुने.

‘साखर काढताच कॅन्सरच्या पेशी मेल्या’ असे प्रसिद्धिपत्रक आले, तर आधी बशीतले माध्यम, म्हणजे पेशी ज्यात वाढवल्या तो द्रव, कोणते ते विचारा. नेहमीच्या एका माध्यमात लिटरला साडेचार ग्रॅम, म्हणजे २५ मिलिमोल ग्लुकोज असते, रक्ताच्या पाचपट. इतक्या ग्लुकोजवर पोसलेल्या पेशींना एकदम शून्यावर आणले तर त्या मरणारच, आणि शरीरात असे शून्य कधीच येत नाही. प्रयोग ५ मिलिमोलवर झाला का, शेजारी निरोगी पेशी होत्या का, लॅक्टेट खरोखर मोजले की नुसते माध्यमाचे आम्लीकरण पाहिले, एवढे विचारले तरी बरेच कळते. आम्लीकरणात श्वसनातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचाही वाटा असतो आणि तो वजा केला नाही तर ग्लायकोलायसिस फुगून दिसते.

मागणी सरळ आहे. ‘साखर बंद करून गाठ उपाशी मारा’ या आशयाचा तुमचा जुना मजकूर अजून फिरतो आहे. त्याच्या तळाशी नको, पहिल्या ओळीत दुरुस्ती टाका : उपचार चालू असताना उष्मांक आणि प्रथिने कमी करू नका, पथ्य बदलण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांना विचारा, वजन घटत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवा. आहारतक्ते विकणाऱ्यांनी कर्करुग्णांसाठीच्या तक्त्यावर किलोमागे किती उष्मांक आणि किती प्रथिने बसतात ते छापावे. हे आकडे काढता येत नसतील तर तो तक्ता मागे घ्यावा.

कळावे,
पेशींचे चयापचय आणि कर्करुग्णांचे पोषण या विषयांत काम करणारे आम्ही काही जण